दादांच्या नावावरचे दोन लिटर

विहाराच्या वार्षिक अंकासाठी श्रीलंकेच्या प्रवासाबद्दल दादांनी लिहावं, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. दादा म्हणजे माझे वडील. दर रविवारी वंदनेला पंचशील तेच सांगायचे. त्यांनी एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागून, अशी गेल्या पंधरा-सोळा वर्षांची रीत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, अक्षर नेटकं, भाषा त्याहून नेटकी. पण अंकाचं काम बघणारे वानखेडे काका घरी आले तेव्हा दादा म्हणाले, "राहुलला सांगा. प्रवासातलं सगळं त्यालाच ठाऊक आहे." काकांना ते माझं कौतुक वाटलं. मी खाली मान घालून चहाचे कप उचलले.

तर लिहितो. जे गेले नाहीत त्यांना तिथलं दाखवायचं, एवढीच अंकाची अपेक्षा आहे आणि ते मी दाखवतोच. पण कोणी न विचारलेलंही सांगणार आहे. परतल्यापासून दादांनी पंचशील सांगणं सोडलं, मागच्या रांगेत बसायला लागले, आणि त्यावरून विहारात नाही नाही ते बोललं गेलं. परदेश पाहून आले, आता आपल्यात बसवत नाही, असं कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, मुलाचा पगार डोक्यात गेला. दादांनी कोणालाच उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याकडे होतं आणि मी चार महिने ते दाबून ठेवलं.

खराडी

प्रवासाची सुरुवात माझ्या ऑफिसातच झाली म्हणायची. रजेचा अर्ज दिला त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या अभिजितने पहिला प्रश्न विचारला, "किती पासपोर्ट?"

आमच्याकडे ही पद्धतच आहे. कोणी परदेशी निघालं की कुठे, किती दिवस, हे मागाहून. आधी पासपोर्ट मोजायचे. परत येताना माणशी दोन लिटर दारू आणि शंभर सिगारेटी विनाकर आणता येतात. विमानतळावरच्या दुकानात ती इथल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते. म्हणून जाणाऱ्याच्या हातात यादी पडते. आणि ज्या घरात कोणी पीत नाही तो माणूस सगळ्यात लाडका, कारण त्याचा कोटा पूर्ण मोकळा.

"दोन," मी म्हणालो. "मी आणि वडील." आईचे गुडघे दुखतात, ती माझ्या बायकोसोबत घरीच राहणार होती.

"म्हणजे चार लिटर! अंकल घेत नाहीत ना? मग त्यांचा कोटा वेस्ट कशाला करायचा?"

पुण्यात राहून कोणी काही वाया घालवत नाही, म्हणून मीही हसलो. संध्याकाळपर्यंत मॅनेजरसाहेबांनी फोनवर बाटलीचा फोटो पाठवला. महिनाअखेरीस खडकवासल्याच्या पुढे त्यांच्या फार्महाउसवर पार्टी होती, तिचीच ही तयारी.

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं. आमचं घर बौद्ध आहे, माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि ज्या माणसाला रोज संध्याकाळी उचलून घरी आणावं लागायचं त्याने त्या दिवसानंतर थेंब घेतला नाही, माझे वडील आयुष्यात कधी दारूच्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत, हे सगळं सांगावं लागलं असतं. आठ वर्षांत मी ऑफिसात यातला एक शब्द बोललो नव्हतो. आमच्या मजल्यावर तीन राहुल आहेत, त्यातला एक होऊन राहणं मला सोयीचं वाटायचं. श्रीलंकेलासुद्धा मी बीच बघायला चाललोय असंच सगळ्यांना सांगितलं होतं. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे, पण तेव्हा वाटली नव्हती.

अनुराधापुरा

तिकडचं यादवी युद्ध संपून काही वर्षं झाली होती. रस्ते गुळगुळीत आणि विलक्षण स्वच्छ. कोलंबोहून गाडी घेतली. चालक नुवान, तिशीचा, सिंहली, हिंदी सिनेमे पाहून चार वाक्यं हिंदी शिकलेला. रस्त्याच्या कडेला त्याने केशरी रंगाचे नारळ पाजले. दादा आधी पाणी प्यायले, मग त्यांनी मलई खाल्ली, मग नारळवालीला खुणेनेच विचारलं, हा पिकलाय की जातच अशी? जातच अशी, असं कळल्यावर त्यांनी ते डायरीत टिपून घेतलं.

सकाळच्या न्याहारीला तांदळाच्या पिठाची वाटीसारखी आंबोळी मिळते, कडा कुरकुरीत आणि मध्ये अंडं. बरोबर ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी. त्यात सुक्या माशाचा चुरा असतो. दादांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "ही तर आपल्या सुकटीच्या चटणीची मावसबहीण. तुझ्या आईला सांगू नको, ती हिच्यातही खोट काढेल."

बोधिवृक्षाच्या दारावर माझी फजिती झाली. मी अर्ध्या चड्डीत गेलो होतो. पहारेकऱ्याने हात आडवा केला. तिथे बायका, पुरुष, पोरं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. नुवानने डिकीतून स्वतःची लुंगी काढून दिली. ती मला बांधता येईना आणि सुटायची थांबेना. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा घातलेले दादा दोन पावलं पुढे उभे राहून म्हणाले, "ऑफिसात असाच जातोस का?"

आत गेल्यावर मात्र ते थेट झाडासमोर गेले. सम्राट अशोकाच्या मुलीने बोधगयेहून आणलेल्या फांदीचं हे झाड. फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले, भोवती कठडा. झाडाला हात लावता येत नाही, पान तोडायचा प्रश्नच नाही. पण पान आपोआप गळून पडलं तर ते ज्याच्यासमोर पडेल त्याचं. म्हणून माणसं वाळूवर तासन्‌तास बसून राहतात. दादा बसले. वाळू तापलेली, वर वारा नाही. अर्धा तास झाला, तास झाला. मी "दादा, ऊन लागेल" म्हणून पाहिलं. त्यांनी हातानेच गप्प केलं.

मग एक पान पडलं. आमच्या पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या पदरात. तिने ते कपाळाला लावलं, वळून दादांकडे पाहिलं, काय दिसलं तिला कोण जाणे, आणि दोन्ही हातांनी ते पान त्यांच्यापुढे धरलं. तिला मराठी येत नाही, दादांना सिंहली येत नाही. दादांनी दोन्ही हात पुढे केले आणि हुंदकाच आला त्यांना. माझ्या वडिलांना मी आजी गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. मॅनेजरसाहेबांचा निरोप होता: तीच मिळाली नाही तर त्याच भावातली दुसरी चालेल. मी तिथेच, त्या झाडाखाली बसून, "ओके सर" असं लिहिलं.

कँडी

कँडीच्या वाटेवर नुवानने दादांना विचारलं, तुम्ही भारतातले बौद्ध, मग वंदना कशी म्हणता? दादांनी सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला नुवानने त्यांच्या आवाजात आवाज मिसळला. शब्द तेच, पण आमचे उच्चार मराठी वळणाचे आणि त्याचे मऊ, ओढलेले. पाचही शीलं दोघांनी एकत्र म्हटली आणि मग दोघेही वेड्यासारखे हसत सुटले. दादा मागे वळून मला म्हणाले, "पाहिलंस? समुद्र मध्ये आहे, पण शब्द इकडेतिकडे झाला नाही." त्या दिवसभर ते त्याच आनंदात होते.

आम्ही पोचलो तो दिवस पौर्णिमेचा. तिथे दर पौर्णिमेला सुट्टी असते आणि दारूची दुकानं बंद. हॉटेलातल्या बारवरसुद्धा पडदा ओढलेला. आपल्याकडे गांधी जयंतीला असतं तसंच, पण महिन्यातून एकदा न चुकता. दादांना कळल्यावर ते खूश होऊन म्हणाले, "देश असावा तर असा." जेवणात नारळाच्या दुधात शिजवलेला, वड्या पाडलेला भात आला. तो त्यांनी दोनदा मागून घेतला.

नुवानने मला बाजूला घेऊन डोळे मिचकावले. आदल्या दिवशी सगळं गाव साठा करून ठेवतं, म्हणाला. त्याच्याकडेही डिकीत अर्धी बाटली होती. मी नको म्हटलं. दारू न पिण्याचं शील आठवलं म्हणून नाही. दादा एकाच खोलीत होते म्हणून.

कोलंबोचा विमानतळ

विमान सुटायला दोन तास होते. दादा खुर्चीवर बसून डायरी लिहीत होते. ते बोधीचं पान त्यांनी डायरीतच दोन कागदांच्या मध्ये ठेवलं होतं. मी म्हणालो, "दादा, तुमचा बोर्डिंग पास द्या. चहा घेऊन येतो."

"चहाला बोर्डिंग पास?"

"इथे सगळ्यालाच लागतो."

त्यांनी लगेच काढून दिला. वर म्हणाले, "विहारासाठी एक मोठा पुडा घे. वानखेडेंना इथला चहा पाजू."

दुकानातल्या मुलीने माझ्या पासवर लिटरच्या दोन बाटल्या लावल्या आणि दादांच्या पासवर दोन. दोन वेगळी बिलं केली. प्रत्येक जोडी एकेका पारदर्शक पिशवीत घालून तोंड चिकटवून टाकलं, आत बिल दिसेल असं ठेवून. एका बिलावर माझं नाव होतं. दुसऱ्यावर "देवराव तुळशीराम" आणि खाली व्हिस्कीचं नाव. ते वाचून मी क्षणभर थांबलो होतो, हे मला नीट आठवतं. मला माहीतच नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही. मी दोन्ही पिशव्या माझ्या मोठ्या झोळ्यात घातल्या, वर चहाचे पुडे रचले आणि परत येऊन म्हणालो, "मिळाला बरं का चहा."

मुंबई

कस्टम्सच्या अधिकाऱ्याने झोळा यंत्रातून काढला आणि मला थांबवलं. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, मराठीच.

"चार लिटर? एकट्याचे?"

"दोघांचे आहेत सर. वडील आहेत बरोबर."

दादा चार पावलं पुढे गेले होते. मी थांबलो म्हणून तेही परत आले. अधिकाऱ्याने चहाचे पुडे बाजूला काढले आणि दोन्ही पिशव्या टेबलावर ठेवल्या. दादा त्या बाटल्यांकडे असे बघत राहिले की जणू दुसऱ्या कोणाचं तरी सामान चुकून आलं असावं.

"देवराव तुळशीराम कोण?" अधिकाऱ्याने बिल वाचून विचारलं.

"मी," दादा म्हणाले.

"ह्या दोन आपल्या का?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. माझ्या आहेत, त्यांना काही माहीत नाही, काय कर आणि दंड असेल तो भरतो, एवढी दोन वाक्यं. पण माझा अमेरिकेचा व्हिसा अडकलेला होता, कुठल्या कागदावर नाव चढलं तर तो जाईल ही धास्ती होती. मागे रांग होती, माणसं बघत होती. मी दादांच्या जवळ सरकलो आणि आमच्या घरच्या बोलीत, वऱ्हाडीत, हळूच म्हणालो, "दादा, हो म्हना न."

अधिकाऱ्याला ते ऐकू गेलं असणार. तो दादांना म्हणाला, "आजोबा, घाई नाही. एकाचा कोटा दुसऱ्याला जोडता येत नाही. आपल्या नसतील तर सरळ नाही म्हणा, मी ह्यांच्या नावावर धरतो. आपल्याला काही होणार नाही."

त्या माणसाने माझ्या वडिलांना सुटायची वाट दाखवली होती. माझ्यापेक्षा त्या परक्यालाच त्यांची जास्त काळजी होती.

"माझ्या आहेत," दादा म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही माझ्या."

अधिकारी थोडा वेळ त्यांच्या पांढऱ्या कपड्यांकडे, हातातल्या डायरीकडे बघत राहिला. मग त्याने दादांच्या नावाची पिशवी माझ्या झोळ्यात न टाकता दादांपुढे धरली. "मग आपल्या हातात घ्या."

दादांनी डायरी काखेत मारली आणि पिशवी हातात घेतली. बाहेर आल्याबरोबर मी ती घ्यायला हात पुढे केला. ते म्हणाले, "राहू दे. पावती माझ्या नावाची आहे." आवाज चढला नव्हता. मुंबईपासून पुण्यापर्यंत गाडीत ती पिशवी त्यांच्या पायांशी होती.

पुणे

घरी आईने दार उघडलं, पिशवी बघितली आणि तिच्या तोंडून "हे काय हो?" एवढंच निघालं. दादा म्हणाले, "राहुलच्या ऑफिसचं आहे," आणि अंघोळीला गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी आईला काहीबाही सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, पण तिने पुढे विचारलंही नाही.

बाटल्या ऑफिसात पोचल्या. माझी वाहवा झाली. अभिजित म्हणाला, "अंकल रॉक्स यार!" आणि मी हसलो. फार्महाउसच्या पार्टीला मी गेलो, धरणाच्या पाण्यावर संध्याकाळ उतरताना हातात ग्लास घेऊन उभा राहिलो आणि प्यायलोसुद्धा. न पिता आलो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं झालं नाही.

पहिल्याच रविवारी दादांनी वानखेडे काकांना पंचशील सांगायला लावलं. घसा बसलाय, म्हणाले. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या वेळी मी घरी त्यांना म्हणालो, "दादा, एवढं काय त्यात? तुम्ही प्यायलात का? माझ्यासाठी एक शब्द बोललात."

ते वर्तमानपत्र वाचत होते. घडी घातली. म्हणाले, "खात्यात माणसं यायची. बिलात खोटं लिहिलेलं सापडलं की रडायची, मुलासाठी केलं साहेब, म्हणायची. मी त्यांना दारात उभं करत नव्हतो. एकाची तर नोकरी गेली माझ्या शेऱ्यावर." मग म्हणाले, "त्याचा मुलगा कुठल्या इयत्तेत आहे, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. आता सारखा आठवतो तो."

मला वाटलं होतं, ते मला बोलतील. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

ज्यांना कोणाला वाटतं की दादांना गर्व झाला, त्यांनी रविवारी त्यांच्या शेजारी बसून पाहावं. मी बसलो होतो मागच्या महिन्यात. वानखेडे काका ओळ सांगत होते, सगळे त्यांच्यामागून म्हणत होते. हिंसा करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, ही तिन्ही शीलं दादांनी स्वच्छ आवाजात म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. त्या ओळीला त्यांनी ओठ मिटून घेतले आणि सगळ्यांची ओळ संपेपर्यंत हात जोडून नुसते बसून राहिले. मग दारू न पिण्याचं पाचवं शील परत म्हटलं. मी त्यांच्या शेजारीच होतो. माणसं बघत होती, म्हणून मी पाचही म्हटली.